आधी बँक, मग फ्लॅट

आज माझीच एक चूक सांगतो. पुण्यात 60 लाखांचा टू बीएचके बघितला. बायकोला बाल्कनी आवडली आणि मी तिथल्या तिथे 50 हजार टोकन देऊन मोकळा झालो. बँकेत गेलो ते नंतर!

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्केच मिळतात. म्हणजे 48 लाख, असं मी धरून चाललो. पण पगारातून गाडीचा हप्ता जात होता, त्यामुळे 38 लाखच मंजूर झाले. वर 7 टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे 4 लाख 20 हजार, तीही खिशातूनच. व्यवहार मोडला, टोकन बुडालं.

दुसऱ्या वेळी आधी गाडीचं कर्ज फेडलं, सिबिल स्कोअर बघितला, सॅलरी स्लिपा आणि फॉर्म 16 घेऊन बँकेत गेलो. सँक्शन लेटर हातात आलं, मगच फ्लॅट बघायला निघालो.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे पत्र काही महिनेच चालतं. आणि फ्लॅटची कागदपत्रं बँक नंतर वेगळी तपासतेच. म्हणून टोकन देताना ‘कर्ज झालं नाही तर पैसे परत’ एवढं लिहून घ्या. बाल्कनी कुठे पळून जात नाही!