नुसते ‘छान’ म्हणू नका
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज घरोघरी मोबाइल आहे, म्हणजेच घरोघरी कॅमेरा आहे. आपल्या घाटंजीची मुले कपाशीच्या शेताचे, पळसाचे, टिपेश्वरच्या सागवानी जंगलाचे फोटो काढतात आणि मोठ्या उमेदीने आपल्यापुढे धरतात. आपण एक तर ‘छान’ म्हणतो, नाही तर ‘अभ्यास सोडून हे काय?’ म्हणतो. दोहोंतून मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

एका विद्यार्थ्याने फाल्गुनातल्या पळसाचा फोटो काढला. घरी कोणीतरी हसले, ‘झाडच तर आहे!’ त्याने फोटो काढणेच सोडले. मला कळले तेव्हा मी एवढेच विचारले, ‘बेटा, तुला काय दाखवायचे होते?’ तो म्हणाला, ‘सर, उजाड शेतात तो एकटाच पेटल्यासारखा दिसत होता.’

मग आम्ही दोघांनी मिळून फोटो पाहिला. भर दुपारच्या उन्हात रंग फिका पडलेला, झाड दूर नि इवलेसे, वरून विजेची तार, क्षितिज तिरपे. दोष चार होते; मी दोनच सांगितले. ‘सकाळी जा आणि झाडाच्या जवळ जा.’ दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात रंग खुलला, शेतातली ढेकळेसुद्धा उठून दिसली. तार मात्र आता त्याची त्यालाच खटकली. तिसऱ्या दिवशी तो तारेच्या पलीकडे गेला, क्षितिज सरळ धरले, आणि त्याला हवा होता तो पळस घेऊन आला.

मित्रहो, दोष दाखवणे म्हणजे अपमान नव्हे. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्ने हैसमने अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग केले. कॅमेऱ्यामागचे तत्त्व तेच. त्याच विद्वानाने टॉलेमीसारख्या थोर पंडिताच्या ग्रंथांतील विसंगती दाखवणारा ग्रंथही लिहिला. आपल्या मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. चारचौघांत बसून ही कला शिकण्याची चाल आपल्याकडे इतकी जुनी आहे.

म्हणून पालकांना विनंती: आधी मुलाचा हेतू विचारा. जे साधले ते नाव घेऊन सांगा. मग एक-दोन उणिवा सांगा, आणि प्रत्येक उणिवेबरोबर उपायही सांगा. चूक फोटोची काढा, मुलाची नको. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही सूचना ऐकून रुसू नका. पुन्हा त्याच जागी जा.

ध्यानात ठेवा, आज हसण्याच्या भीतीने जो मुलगा फोटो लपवतो, तो उद्या गुणपत्रिकाही लपवील. त्याने दोन्ही निर्धास्तपणे आपल्यासमोर ठेवावीत, असे घर आपण त्याला देऊ या.