लंकेतील तट, वने आणि मळे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सहल-समितीतर्फे आम्ही चौदा जण श्रीलंकेस जाऊन आलो, त्याचा वृत्तान्त सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. रावणाची लंका बालपणापासून आपल्या कानांवर आहे. परंतु आम्ही पाहिली ती पोर्तुगीज, डच व इंग्रज या तिघांच्या हातांखालून गेलेली लंका होय.

प्रथम गॉल. नैर्ऋत्य किनाऱ्यावरील हे बंदर 1640 मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून घेतले आणि 1796 मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. वसईचा किल्ला पाहिलेल्यांस समुद्राकाठचा तट नवा नाही. परंतु वसईच्या तटाआत भग्न चर्चे उरली आहेत, तर गॉलच्या तटाआत अद्याप गाव नांदते. चर्च, मशीद आणि बौद्ध विहार ही सारी तेथे हाकेच्या अंतरावर आहेत. जुन्या दरवाजावर आतल्या अंगास डच कंपनीचे चिन्ह व 1669 हा सनाचा आकडा आहे, तर बाहेरच्या अंगास इंग्रजांचे राजचिन्ह! 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीने तटाबाहेरचे शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा आतील वस्तीस त्या मानाने थोडीच झळ पोहोचली. परक्यांनी आपल्या व्यापारासाठी उभारलेला तट असा तेथील लेकरांच्या कामी आला.

तेथून आम्ही डोंगरांत चढलो. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर पहाटेची थंडी बोचत होती. धुके विरळ होताच चरणारी सांबरे दिसली, आणि ‘जगाचे टोक’ म्हणतात त्या कड्यापाशी सर्वांची बोलणी आपोआप थांबली. महावेली, केलनी व वलवे या नद्यांस पाणी देणारे प्रवाह याच पठारावर उगम पावतात. उंचावरील वने राखली म्हणून खालची भातखाचरे जगतात, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

परंतु नुवारा एलियाच्या वाटेवर जे घडले, त्यासाठीच आज आम्ही उभे आहोत. चहाच्या मळ्यापाशी गाडी थांबवून आम्ही छायाचित्रे घेऊ लागलो. आमच्यातील एका भगिनीचे बालपण चेन्नईत गेलेले. त्यांनी पाने खुडणाऱ्या वृद्धेशी तमिळमध्ये बोलणे काढले. ‘आपण मूळच्या कुठल्या?’ असे विचारताच ती म्हणाली, ‘माझी आई याच मळ्यात जन्मली, इथेच गेली, पण मरेपर्यंत ती कोणत्याच देशाची नव्हती.’

हे शब्द अक्षरशः खरे आहेत. इंग्रजांनी तेथील वने तोडून कॉफी लावली. 1869 पासून तांबेरा रोगाने ती बुडू लागली, आणि 1867 मध्ये जेम्स टेलरने 19 एकरांत सुरू केलेल्या चहाने पुढे तिची जागा घेतली. या मळ्यांसाठी दक्षिण भारतातून तमिळ मजूर नेले गेले. वाटेतच कित्येकांनी प्राण सोडले. देश स्वतंत्र झाल्यावर 1948 च्या कायद्याने त्यांच्यापैकी बहुसंख्यांस नागरिकत्व नाकारले. 1964 मध्ये शास्त्री-सिरिमावो करारान्वये कोणी भारतात जावे व कोणी तेथे राहावे याची वाटणी दोन सरकारांनी केली. उरलेल्यांस नागरिकत्व देणारा कायदा होण्यास 2003 साल उजाडले.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ कुलवृत्तान्त जपते. आपली मुले आज परदेशी स्थायिक होत आहेत. नागरिकत्वाचा कागद हाती येईपर्यंत घरच्यांस झोप नसते. अशा आपण त्या वृद्धेचे दुःख जाणावयाचे नाही, तर कोणी? त्या दिवशी आम्ही छायाचित्रे आधी घेतली आणि विचारपूस मागाहून केली, याची आम्हांस आजही लाज वाटते.

म्हणून समितीस एकच विनंती आहे. पुढील सहलींत किल्ले पाहावेत, कडे पाहावेत; परंतु तेथे राबणाऱ्या माणसांशी बोलण्यासाठी एक दिवस राखून ठेवावा, आणि त्यांची भाषा जाणणारे कोणी बरोबर घ्यावे. निरोप घेताना त्या वृद्धेने मूठभर कोवळी पाने आमच्या भगिनीच्या ओंजळीत घातली. ती सुकलेली पाने आज मंडळाच्या कपाटात, सहलीच्या वहीत जपून ठेवली आहेत. सभा संपल्यावर ती आपण अवश्य पाहावीत.