‘ह्या’ आणि ‘त्या’ कुठे हरवतात?

आज आपण बोट दाखवायच्या शब्दांविषयी बोलू या. हा डबा, ही वाटी, हे ताट. लांब असेल तर तो, ती, ते. शाळेत यांना दर्शक सर्वनामं म्हणायचे. दिवसातून शंभरदा तोंडी येणारे हे शब्द दुसऱ्या भाषेत नेताना मात्र भलते अवघड होतात.

पोलंड देशाची पोलिश भाषा घ्या. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून दूर सैबेरियाकडे पाठवली. त्यातली काही इराणमार्गे भारतात आली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलंच.

त्यांच्या भाषेतही आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. तेन दोम म्हणजे हे घर. पण त्यांच्याकडे घर पुल्लिंगी. ता मात्का म्हणजे ही आई. तो जेत्स्को म्हणजे हे मूल. आपण ‘हा’चा ‘ह्याला’ करतो, तसंच त्यांचं ‘तेन’ही वाक्यात ‘तेगो’, ‘तेमु’ असं बदलतं. इंग्रजीत मात्र घर, आई, मूल सगळ्यांना एकच ‘धिस’. इंग्रजी दोनच गोष्टी बघते: वस्तू जवळ की लांब, आणि एक की अनेक.

इथंच अनुवाद करणारीची पंचाईत होते. पोलिश बाई ‘ता मिस्का’ म्हणाली, म्हणजे वाडगा. तो हातातला असेल, नाहीतर फळीवरचाही असेल. ‘हा नव्हे, तो पलीकडचा’ असं निवडून सांगायचं असेल तेव्हाच ती ‘ताम्ता’ म्हणते. इंग्रजीत लिहिणारीला आधी बघावं लागतं, वाडगा आहे कुठे? मगच ‘धिस’ की ‘दॅट’ ते ठरतं.

काळाचंही तसंच. जुनी आठवण सांगताना पोलिश बाई ‘तेगो द्न्या’ म्हणते. शब्दाला शब्द ठेवला तर ‘ह्या दिवशी’. पण तिला म्हणायचं असतं ‘त्या दिवशी’. इंग्रजीत ‘दॅट डे’च लिहायला हवं. नाहीतर घरातून हाकलल्याचा तो दिवस आजचाच वाटेल.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. ‘हे लोक’ म्हणायला पोलिशमध्ये दोन शब्द आहेत. घोळक्यात एक जरी पुरुष असला तरी ‘ची’. नुसत्या बायका असल्या तर ‘ते’. आणि हेच ‘ते’ मुलांना, जनावरांना, टेबलखुर्च्यांनाही. पन्नास बायकांत एक बुवा येऊन बसला की शब्द बदलला! राग येण्यासारखंच आहे. पण त्यात एक उपयोगही आहे. माणसांविषयी बोलणं चाललं असताना कुणी म्हटलं, “ते आल्या, ची आले नाहीत,” तर पोलिश माणसाला कळतं की बायका आल्या, पुरुष आले नाहीत. इंग्रजीत दोघांनाही ‘दीज’ लिहिलं, तर आलं कोण हेच पुसलं जातं. म्हणून जाणती अनुवादक तिथे सर्वनाम सोडून देते आणि सरळ लिहिते: बायका आल्या, पुरुष आले नाहीत.

मैत्रिणींनो, आपलंही असंच होतं. “त्या बँकेत गेल्या” हे मराठीत ऐकलं की बायका गेल्या हे कळतं. इंग्रजी अर्जात त्याचं ‘दे’ होतं, आणि ‘दे’ म्हणजे कुणीही. आपण नवऱ्याचं नाव न घेता म्हणतो, “ह्यांनी सही केली.” घरात सगळ्यांना कळतं. पण ‘ह्यांनी’ म्हणजे नवऱ्याने, सासऱ्याने, की शेजारी बसलेल्या चौघांनी? जमिनीच्या किंवा कर्जाच्या कागदावर ह्या एका शब्दावरून भांडण उभं राहू शकतं.

म्हणून बचत गटाचा ठराव किंवा जबाब इंग्रजीत करून घेताना तीन गोष्टी विचारा. ‘हे’ आणि ‘ते’ म्हणजे नेमकी कोणती वस्तू? ‘त्या दिवशी’ म्हणजे कोणती तारीख? आणि ‘त्या’, ‘त्यांनी’, ‘ह्यांनी’ म्हणजे कोण? जिथे शंका वाटेल तिथे नाव घाला, तारीख घाला, ‘गटाच्या महिला’ असं स्पष्ट लिहायला सांगा. लिहिणारा म्हणेल, “तेच तेच किती वेळा लिहायचं?” लिहू द्या की. समोर असताना बोट दाखवून भागतं. कागदाबरोबर आपलं बोट जात नाही.

पुढच्या बैठकीत मागच्या महिन्याचं इतिवृत्त मोठ्याने वाचून बघा. प्रत्येक ‘त्यांनी’पाशी थांबा आणि विचारा, “त्यांनी म्हणजे कोणी?”