तिकिटे, चिंध्या आणि चित्रवही

रंगपेटी नाही म्हणून चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर सरकणारी मुले आम्ही कामगारवस्तीत पुष्कळ पाहतो. त्यांच्यासाठीच हे बोलणे. १९१२ साली पिकासोने एका चित्रात खुर्चीचे वेतकाम रंगविलेच नाही. वेताची वीण छापलेले मेणकापड चिकटविले आणि भोवती दोरखंडाची चौकट दिली! पुढे जर्मनीत, हानोव्हर शहरी, कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटे, तारा, बटणे असला केर वेचून चित्रे केली. १९१९ साली त्यांना ‘मेर्त्स’ नाव दिले. तेही एका बँकेच्या छापील नावातून कापलेला तुकडाच.

मग मास्तरांनी ‘निसर्गदृश्य काढा’ एवढेच का सांगावे? आठवड्याची बसतिकिटे खळीने चिकटवा, वरून कोळशाने तो रस्ता काढा, असे सांगावे. चहाच्या पाण्याने कागद माखा. वाळल्यावर त्या डागांत घरातले कोण दिसते, ते शाईने काढा. शिंप्याकडची चिंधी आधी उसवा, मग लावा. नमुना मात्र फळ्यावर काढू नये, ही आमची विनवणी. नाही तर चाळीस वह्यांत एकच चित्र उतरते. वही फुगेल, मिटणार नाही. तपासनिसांनी ती दोरीने बांधून न्यावी.