टाळी वाजवण्याआधी



अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात शेल्बीव्हिल नावाचं गाव आहे. तिथे १९३९ पासून ‘टेनेसी वॉकिंग हॉर्स’ जातीच्या घोड्यांची मोठी स्पर्धा भरते. पुढचे पाय खूप उंच उचलत घोडा चालतो, आणि प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करतात. या चालीला ‘बिग लिक’ म्हणतात.

हा घोडा मुळातच लयदार चालीचा. पण इतका उंच पाय तो आपणहून उचलत नाही. मग काही प्रशिक्षक खुराच्या वरच्या भागाला मोहरीचा जहाल अर्क किंवा रॉकेल चोळतात, वरून प्लास्टिक गुंडाळतात. कातडी हुळहुळी होते. त्यावर साखळी आपटली की पाय जमिनीला टेकवणंच नको होतं. हे ‘सोरिंग’.

याविरुद्ध १९७० मध्ये कायदा झाला. तपासनीस पाय दाबून बघतो. घोडा दचकला तर बाद. यावर पळवाट काय काढली? घरीच खोटी तपासणी करायची, आणि घोडा हलला की मारायचं. मुक्या जनावराला दुखणं लपवायला शिकवायचं!

साखळ्या आणि खुरांखालचे जाड थर बंद करणारं विधेयक तिथल्या प्रतिनिधीगृहाने २०१९ आणि २०२२ मध्ये मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडकलं.

जोवर त्या चालीला बक्षीस आहे, तोवर पळवाटा निघत राहणार. म्हणून कुठेही जनावराची करामत बघाल, तेव्हा टाळीआधी एक प्रश्न विचारा: याला हे शिकवलं कसं?