कडेवरचा घाव

भंडारा म्हटलें म्हणजे पितळेचीं भांडीं डोळ्यांपुढें येतात. घागर, परात, समई घडविणारा तेथील कारागीर एक गोष्ट पुस्तक न वाचतां जाणतो. पितळेवर हातोडा पडत गेला म्हणजे ती कडक होत जाते, आणि वेळींच भट्टींत तापवून मऊ केली नाहीं तर कांठाशीं तडकते. याच जिल्ह्यांत, जवाहरनगर येथें, १९६० नंतरच्या दशकांत उभा राहिलेला दारूगोळ्याच्या द्रव्यांचा कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ रोजीं तेथें झालेल्या स्फोटांत कामगारांचे बळी गेले. दारूच्या अंगीं कोणती शक्ति दडलेली असते, हें त्या परिसराला निराळें सांगावयास नको.

पितळ आणि दारू यांची एक अगदीं लहानशी जोडी म्हणजे पॉइंट टू-टू रायफलीचें काडतूस. राष्ट्रीय छात्रसेनेंतील मुलामुलींच्या हातीं पहिली रायफल येते ती बहुधा याच जातीची. ही छोटी रायफल भरंवशाची कशी होते, आणि ऐन वेळीं ती दगा कां देते, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागीं एक वेगळी टोपी बसविलेली असते. फायरिंग पिनचा घाव तिच्यावर पडतो. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला अशी टोपी नसते. पातळ पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशीं बाहेर दुमडलेली पोकळ कड, आणि त्या पोकळींत भरलेलें, घाव बसतांच पेट घेणारें मिश्रण, एवढाच तो संसार. म्हणूनच त्याला रिमफायर म्हणतात. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्यें फ्लोबेर नांवाच्या बंदूक-कारागिरानें, दिवाणखान्यांतील नेमबाजीच्या करमणुकीसाठीं, ही कल्पना साधली. आज सर्वत्र चालणारें ‘लाँग रायफल’ काडतूस अमेरिकेंत १८८७ मध्यें निघालें. त्याची कड अवघी एक मिलिमीटरभर जाड, आणि शिशाची गोळी अडीच ग्रॅमच्या किंचित् वर. घाव पडतांच कड चेंबरच्या कांठावर चेपली जाते, आंतलें मिश्रण चिरडतें, आणि ठिणगी दारूला लागते. पितळ इतकी मऊ हवी कीं ती चेपली जावी, आणि इतकी सशक्त हवी कीं दाबानें फुटूं नये. भंडाऱ्याच्या कारागिराला हा पेंच चटकन् समजेल.

आतां या रचनेंतील वर्म पाहावें. कारखान्यांत तें मिश्रण ओलें असतांना नळकांडींत घालतात आणि नळकांडी गरगर फिरवून तें कडेच्या पोकळींत सर्वत्र पसरवितात. एखाद्या ठिकाणीं तें पोहोंचलें नाहीं, आणि नेमका तेथेंच घाव पडला, तर चाप ओढूनही शांतता!

त्या शांततेची किंमत नेमबाजांना विचारावी. ५० मीटरवरील लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० मध्यें म्यूनिक येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां त्यांनीं ६०० पैकीं ५९७ गुण घेतले होते. साठ गोळ्यांत गेले ते केवळ तीन गुण. राधानगरी तालुक्यांतील स्वप्नील कुसळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें, तेंही याच जातीच्या काडतुसावर. इतक्या चुरशींत, गोळी सुटेल कीं नाहीं अशी शंका नुसती मनांत आली तरी हात हलतो.

पण गुणांहून मोठी गोष्ट जिवाची. न उडालेलें काडतूस क्वचित् क्षणभर थांबून उडतें. म्हणून चाप ओढून आवाज न झाल्यास नळीचें तोंड लक्ष्याकडेच रोखून ठेवावें, निदान अर्धा मिनिट थांबावें, आणि मगच बोल्ट उघडावा. आवाज फुसका आला तर पुढची गोळी मुळींच झाडूं नये. आधींची गोळी नळींतच अडकलेली असण्याचा संभव असतो. छात्रसैनिकाला पहिल्या दिवशीं शिकवावयाचा धडा हाच.

बाहेर काढलेल्या काडतुसाची कड नीट न्याहाळावी. पुष्कळसें निदान तेथेंच होतें. पिनची खूण खोल आणि ठसठशीत असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. खूण उथळ असेल तर स्प्रिंग थकली आहे, पिन झिजली आहे, किंवा बोल्टच्या पोटांत तेल थिजलें आहे, असें समजावें. काडतूस पहिल्या घावाला गप्प बसतें आणि दुसऱ्या घावाला उडतें, असें वारंवार होऊं लागलें तर चेंबर तपासावें. गोळीवरील मेण, शिसें आणि जळलेली दारू यांचा मळ तेथें घट्ट बसतो. काडतूस पुरतें आंत जात नाहीं, आणि पहिल्या घावाचें बळ त्याला पुढें ढकलण्यांतच खर्ची पडतें. रायफलीला दोष देणें माणसाला सोपें जातें, काडतूस करणाऱ्याला दोष देणें त्याहून सोपें. चिंधी आणि ब्रश मात्र कोणाला आठवत नाहींत.

रिकाम्या रायफलीचा चाप पुन्हां पुन्हां ओढण्याची खोडही वाईट. पुष्कळ जुन्या रायफलींत पिन अशा वेळीं चेंबरच्या कांठावरच आदळते आणि तेथें खळगा पडतो. मग काडतुसाच्या कडेला चेपण्यापुरता आधारच उरत नाहीं.

भंडाऱ्याची हवाही आपला वांटा उचलते. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांकडे झुकतो, आणि पावसाळ्यांत तलावांच्या या जिल्ह्यांत हवा ओलीचिंब होते. उन्हांत राहिलेल्या काडतुसांवरचें मेण पाघळतें, ओलाव्यानें बोल्टवर गंज चढतो. गंजाच्या भीतीनें तेल ओतावें, तर तेंच धूळ धरून चिकट होतें आणि पिनचा वेग मारतें. पुसून उरेल तेवढेंच तेल पुरें.

रायफल उडूं लागली म्हणजे ती जमली असें नव्हे. नळी व यंत्रणा दस्त्यांत धरून ठेवणारे स्क्रू सारख्या ताणानें आवळलेले नसतील तर नेम आज येथें, उद्यां तेथें. प्रत्येक रायफलीची काडतुसांची आवड निराळी असते, आणि ती किंमतीवर अवलंबून नसते. एकाच छापाच्या दोन खेपांतही फरक पडतो. रायफल टेकूवर ठेवून प्रत्येक खेपेच्या पांच-पांच गोळ्यांचे अनेक गट झाडून पाहावे लागतात. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. स्क्रू आणि काडतूस एकदम बदलणाऱ्याला कांहींच कळत नाहीं. कसलेले नेमबाज ध्वनीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला सुमारें ३४० मीटरहून, कमी वेगाची गोळी पसंत करतात. अधिक वेगाची गोळी वाटेंत त्या मर्यादेखालीं उतरतांना डळमळते.

स्प्रिंग बदलणें किंवा चेंबरचा कांठ सारखा करणें हें परवानाधारक कारागिराचें काम. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें शस्त्रें दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. रायफल बाळगणाऱ्याच्या हातीं राहते ती साफसफाई आणि एक वही. तींत तारीख, काडतुसांची खेप, झाडलेल्या गोळ्यांची संख्या, आणि न उडालेल्या काडतुसाच्या कडेवर खूण कशी होती, तें लिहीत जावें. कारागिराकडे जातांना ती वहीही बरोबर न्यावी; त्याचें निम्में काम तिनें आधींच केलेलें असतें.