आधी वॉर्ड, मग यंत्र

(जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी डॉक्टरांसाठी तयार केलेल्या उपकरणांच्या प्रदर्शनानिमित्त परळ येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



डॉक्टर आणि अभियंते अशा दोन्ही विद्वानांपुढे एकाच वेळी उभे राहण्याचा प्रसंग कला शाखेच्या पदवीधरावर सहसा येत नाही. व्होल्टेज आणि व्हेंटिलेटर या दोहोंविषयीचे माझे ज्ञान बातमीपुरतेच आहे. तथापि वार्ताहर म्हणून या परिसरातील रुग्णालयांच्या पायऱ्या मी अनेक वर्षे चढलो-उतरलो आहे आणि बाहेरच्या पदपथावर अंथरूण टाकून बसलेल्या नातेवाइकांशी तासन्‌तास बोललो आहे. त्या अधिकारात दोन शब्द सांगतो.

आपण जेथे जमलो आहोत, त्या परळचे वैशिष्ट्य ध्यानात घ्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत लस सिद्ध केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वत:च्या शरीरात टोचून घेतली. पुढे १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९२६ साली केईएम उभे राहिले, त्याच सुमारास वाडिया प्रसूतिगृह आणि मुलांचे रुग्णालय झाले, १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्ये भारतातील पहिले हृदयरोपण केले. जगातले पहिले हृदयरोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. या सर्व संस्था एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. भोवताली गिरण्या होत्या आणि गिरण्यांच्या आधाराने जगणारे लेथवाले, फिटर, साचेकार होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, ते हात विखुरले. पण नागदेवी स्ट्रीटवर हत्यार आणि लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक सुटे भाग अजूनही मिळतात. ज्या विद्यार्थ्याला रोगी, वैद्य आणि कारागीर हे तिघे लोकलच्या एका पासात भेटू शकतात, असा विद्यार्थी जगात फार थोड्या शहरांत सापडेल.

तुमच्या अभ्यासक्रमात डॉक्टरांना ‘क्लायंट’ म्हणतात असे मला सांगण्यात आले. वकिलाला जसे अशील, तसे अभियंत्याला हे पक्षकार. कल्पना उत्तम आहे. डॉक्टर आपली अडचण घेऊन येतो. तीन-चार विद्यार्थ्यांचा गट ती समजून घेतो, आराखडे काढतो, नमुना बनवतो, डॉक्टरला दाखवतो, बोलणी खातो आणि पुन्हा बनवतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ही पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे तिचा सर्वांत भरीव प्रयोग पवईच्या आयआयटीत झाला. प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ साली तेथे ‘बेटिक’ हे जैववैद्यकीय उपकरणांचे केंद्र उभे राहिले. महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्याला आर्थिक बळ दिले. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था त्यात सहभागी झाल्या. डॉक्टर आणि तरुण अभियंते यांना काही दिवस एकत्र बसवणारी ‘मेधा’ ही शिबिरे याच केंद्राने भरवली. नाव किती समर्पक आहे पाहा!

या केंद्राच्या परिघातून बाहेर पडलेली एक वस्तू तुम्हाला ठाऊक असेल. फ्रान्सच्या लाएनेक याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रुग्णेच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. त्यानंतर दोनशे वर्षे डॉक्टरचा कान आणि रुग्णाची छाती यांत एका नळीचेच अंतर राहिले. पवईच्या तरुणांनी छातीतील आवाज विजेच्या संकेतात रूपांतरित केला, तो मोठा केला, भोवतालचा गोंगाट गाळला आणि बिनतारी मार्गाने फोनवर पोहोचवला. आपल्या सार्वजनिक रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग ज्याने पाहिला आहे, त्याला गोंगाट गाळण्याचे मोल सांगावे लागत नाही. २०२० साली करोनाची साथ आली. आपादमस्तक संरक्षक पोशाख चढवलेल्या डॉक्टरला कानात नळ्या घालणे अशक्य झाले आणि रुग्णाच्या जवळ वाकणेही धोक्याचे ठरले. त्या वेळी हा स्टेथोस्कोप एकाएकी निकडीचा झाला. त्या वसंतात असे सुमारे एक हजार स्टेथोस्कोप देशभरच्या रुग्णालयांत पाठवण्यात आले. तो घडवताना डॉक्टरांचा सल्ला सातत्याने घेतला गेला होता आणि त्यांत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरही होते. साथ येण्यापूर्वी कित्येक वर्षे ते काम चालू होते, म्हणूनच ते वेळेवर हाताशी आले.

परंतु मला अधिक सांगायचे आहे ते गुडघ्याविषयी. हाडाचा कर्करोग बहुधा कुमारवयात होतो आणि गुडघ्याच्या आसपासच्या हाडांना तो विशेष करून धरतो. पूर्वी अशा मुलाचा पाय कापणे हाच मार्ग असे. औषधोपचार सुधारले तशी रोगग्रस्त हाड तेवढे काढून त्या जागी धातूचा सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. पाय वाचतो, पण परदेशी सांध्याची किंमत लाखांत जाते. टाटा रुग्णालयात येणारे बहुसंख्य मायबाप कोण असतात, हे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जाऊन पाहावे. बिहारच्या खेड्यातून, मराठवाड्यातून, बंगालमधून कर्ज काढून आलेली ती माणसे असतात. त्यांच्यासाठी स्वस्त देशी सांधे बनवले गेले. पण ते मोडत.

का मोडत? येथे अभियंत्याचे काम सुरू होते. या सांध्याचा लांब दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवलेला असतो. चालताना प्रत्येक पावलागणिक तो अतिसूक्ष्म वाकतो आणि सरळ होतो. वर्षाला अशी लाखो पावले पडतात. दांडा जेथे जाड भागाला मिळतो, त्या कोपऱ्यात ताण साचतो आणि एके दिवशी, कोणताही अपघात न होता, साधे चालताना धातू तुटतो. तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवून तोडण्याचा खेळ आपण लहानपणी खेळलो आहोत. तेच येथे मुलाच्या मांडीत घडते. मग दुसरी शस्त्रक्रिया करून तुटका दांडा काढावा लागतो आणि ती पहिलीपेक्षा अवघड असते. टाटा रुग्णालयातील अस्थिकर्करोगतज्ज्ञ, प्रा. रवी यांचा पवईतील गट आणि हैदराबादची धातुसंशोधन संस्था यांनी केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाच्या साहाय्याने या प्रश्नावर एकत्र काम केले. तो ताण संगणकावर आधी पाहणे, आकार बदलणे, धातू बदलणे, चाचणी घेणे, असे ते चिकाटीचे काम होते. ‘बेटिक’ त्यानंतरचे आहे, हे लक्षात घ्या.

या उदाहरणात पक्षकार कोण? शल्यचिकित्सक हे उत्तर तुम्ही लगेच द्याल आणि त्याला दहापैकी पाच गुण मिळतील. सांधा घेऊन घरी जाणारे मूल जमिनीवर बसते, पंगतीला मांडी घालते, विहिरीच्या पायऱ्या उतरते, गावच्या शौचकूपात उकिडवे बसते. हे सारे करता येईल का, आणि येणार नसेल तर त्याच्या आईला तसे कोणी सांगितले आहे का, हा प्रश्न शस्त्रक्रियागृहात उद्‌भवतच नाही. तो धर्मशाळेच्या ओट्यावर उद्‌भवतो.

जगातही हाच अनुभव आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका गटाला २००७ साली नवजात बालकांसाठी स्वस्त उबदार पेटी बनवण्याचे काम मिळाले. त्यांपैकी एक जण नेपाळला गेला, तेव्हा शहरातील रुग्णालयात देणगीदाखल आलेल्या पेट्या रिकाम्या पडल्या होत्या. बाळे जन्मत होती दूरच्या खेड्यांत! मग त्यांनी पेटीचा नाद सोडला आणि मेणासारख्या पदार्थाची पिशवी असलेले झबले बनवले. ती पिशवी एकदा गरम केली की काही तास शरीराइतकी ऊब देते. दुसरे उदाहरण कावीळ झालेल्या बाळांना निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याच्या यंत्राचे. गर्दीच्या रुग्णालयांत एकाच दिव्याखाली दोन-तीन बाळे ठेवली जातात आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होतो. अमेरिकेतील एका संस्थेने व्हिएतनामच्या कारखानदारांबरोबर यंत्र बनवताना बिछान्याचा आकारच इतका लहान ठेवला की त्यात दुसरे बाळ मावू नये. सूचनांचा फलक लावण्याऐवजी त्यांनी जागाच काढून घेतली. ही सूझ ग्रंथालयात मिळत नाही. त्यासाठी रात्रपाळीला वॉर्डात उभे राहावे लागते.

आपला वॉर्ड म्हणजे काय, हे येथील भगिनींना मी सांगणे म्हणजे काशीत गंगेचे वर्णन करणे. केईएममध्ये १८०० हून अधिक खाटा आहेत आणि तरी खाटांच्या मधल्या जागेत गाद्या घालाव्या लागतात. विजेचा प्लग पुरत नाही, ट्रॉलीचे एक चाक रुसलेले असते, रात्री पाण्याने पुसलेल्या फरशीवरून वायर गेलेली असते. यंत्राचा गजर वाजतो तेव्हा सिस्टर तिसऱ्या रुग्णाच्या शिरेत सुई लावत असतात; तो गजर पहिल्यांदा ऐकू येतो नातेवाइकाला आणि तो घाबरून बटण दाबतो. एका रुग्णालयात, त्याचे नाव घेत नाही, मी एक महागडे परदेशी यंत्र दोन वर्षे प्लॅस्टिकच्या वेष्टनात पाहिले आहे. त्याचे यंत्र-भाग ठीक होते. त्याला लागणारी वापरून फेकायची नळी संपली होती आणि त्या नळीची किंमत खरेदीच्या कोणत्याच शीर्षाखाली बसत नव्हती. बाहेर मांडलेली तुमची उपकरणे मी सकाळी पाहिली. त्यांपैकी किती गटांनी ‘हे धुणार कोण?’ हा प्रश्न विचारला आहे, हे मला जाणून घ्यायला आवडेल. आमच्या मावशी ते फिनेलने पुसतील, हे गृहीत धरा.

आता थोडे कटू बोलतो. मे महिन्यात तुमची तोंडी परीक्षा होईल. अहवाल काळ्या पुठ्ठ्यात बांधला जाईल, यंत्र विभागाच्या कपाटात जाईल आणि गटातील मंडळी संगणक कंपन्यांत रुजू होतील. ज्या निवासी डॉक्टरने अडचण सांगितली, तोही एव्हाना पदव्युत्तर शिक्षण संपवून गावी गेलेला असेल. पुढच्या वर्षी नवा गट येतो आणि नवीन डॉक्टरकडून तीच अडचण पुन्हा पहिल्या ओळीपासून ऐकतो. मग आपण आयातीच्या नावाने बोटे मोडतो. भारतात वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी बहुतांश बाहेरून येतात, हे खरेच आहे. २०१७ साली हृदयातील स्टेंटच्या आणि पुढे गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली, तेव्हा कुठे सामान्य माणसाला समजले की आपण किती मोजत होतो. स्वदेशी हा शब्द आम्हाला प्रिय आहे. पण मोडणारा स्वदेशी गुडघा कोणाच्याही मुलाला बसवू नये, इतके तारतम्य त्या प्रेमात हवे.

त्यासाठी कायद्याची वाट धरावी लागते. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्ग केलेले आहेत. पहिल्यात जखमेवरची पट्टी, चौथ्यात हृदयाची झडप. रुग्णावर प्रयोग करायचा तर नैतिकता समितीची अनुमती हवी. विद्यार्थ्यांना हे जाच वाटतात. त्यांनी डॉ. वलियाथन यांचे चरित्र वाचावे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत या हृदयशल्यविशारदाने अभियंत्यांना हाताशी धरून भारतीय झडप बनवायला घेतली. एकामागून एक तीन रचना चाचणीत टाकून द्याव्या लागल्या. त्यांतील एकीत तर नीलमण्याची चकती होती! चौथी रचना टिकली, तिच्यात साध्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकची चकती आहे. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम माणसाच्या हृदयात बसली आणि आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना बसली आहे. कामाला आरंभ झाल्यापासून त्या दिवसापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. उत्तरायुष्यात याच गृहस्थांनी चरक-सुश्रुतांवर ग्रंथ लिहिले. २०२४ साली ते गेले, तेव्हा आमच्या मराठी वृत्तपत्रांनी त्यांना किती ओळी दिल्या, हे विचारू नका.

एका वर्षात झडप बनत नाही, हे प्राध्यापकांनाही ठाऊक आहे. म्हणून माझी त्यांना विनंती अशी की प्रकल्प गटाच्या नावावर न ठेवता अडचणीच्या नावावर ठेवावा. एकच वही असावी. पहिल्या वर्षीच्या गटाने काय केले, काय फसले, कोणता सुटा भाग लॅमिंग्टन रोडवर मिळाला नाही, सिस्टर काय म्हणाल्या, हे सारे तिच्यात लिहावे आणि दुसऱ्या गटाने तेथूनच पुढे जावे. फसलेल्या नमुन्यालाही गुण द्यावेत. डॉक्टरांना विनंती, की विद्यार्थ्याला आपल्या खोलीत बसवून अडचण सांगू नका. एक रात्रपाळी त्याला वॉर्डात उभे राहू द्या. आणि परीक्षकांच्या खुर्च्या मांडताना एक खुर्ची वॉर्डच्या सिस्टरसाठी ठेवा. त्यांना यंत्र हाती द्या, माहितीपत्रक देऊ नका आणि गटाला त्या वेळी बोलण्यास मनाई करा.

मला दिलेली वेळ संपली आहे. डॉक्टर मंडळी ओपीडी आटोपून, काही तर जेवणही न करता येथे आली आहेत. बाहेरच्या टेबलांवर चौदा उपकरणे आहेत. मी आता बाजूला होतो. प्रश्न त्यांना विचारा.